सॉल्ट लेक सिटी: ट्रिब्यून घ्यायचा की डेझरेट न्यूज?

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या या राजधानीत दोन वर्तमानपत्रं. डेझरेट न्यूज १८५० सालचा, मॉर्मन चर्चच्या (इथेच मुख्यालय असलेला ख्रिस्ती पंथ) मालकीचा. 'डेझरेट' म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातली मधमाशी. ट्रिब्यून १८७१चा, चर्चला चिमटे काढतच मोठा झालेला. गंमत बघा, एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे १९५२पासून छपाई आणि जाहिरातींचा धंदा मात्र एकत्र करत होते! २०२०च्या अखेरीस करार संपला आणि दोघांनीही रोजचा छापील अंक बंद केला. पहाटे अंगणात पडणारी ती गुंडाळी गेली. आठवड्याचा अंक टपालपेटीत येऊ लागला.

डेझरेटच्या पाठीशी चर्चचा पैसा, शिवाय केएसएल हा घरचाच रेडिओ आणि टीव्ही. बातम्या नीटनेटक्या, पण घरचे संस्कार दिसतात: केएसएल १९९५पासून एनबीसी या राष्ट्रीय वाहिनीचे कार्यक्रम दाखवते, तरी एनबीसीचा शनिवार रात्रीचा गाजलेला विनोदी कार्यक्रम तिने २०१३पर्यंत दाखवलाच नाही.

ट्रिब्यूनला असा आधार नाही. २०१९मध्ये तो ना-नफा संस्था झाला. वर्गणी आणि देणग्यांवर चालतो. मात्र २०१७चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतला पत्रकारितेचा मानाचा पुरस्कार, त्याचं. चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या मुलींचीच आचारसंहितेखाली चौकशी व्हायची, हे त्याने चव्हाट्यावर आणलं. ही बातमी घरच्या पेपरात आधी आली असती का? मला शंका आहे.

चर्चमध्ये काय शिजतंय हे आतल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, तर डेझरेट. पैसे एकालाच द्यायचे, तर मी ट्रिब्यूनला देईन.