शोकेसमधल्या जुन्या बाहुल्यांसाठी मॅट स्प्रे पेंट: काय घ्यावं, काय टाळावं

छत्रीखाली बिलगून उभं असलेलं जोडपं, कोकरू कवटाळलेली मेंढपाळीण, चोचीला चोच लावून बदाम करणारे हंस. लग्नात नाहीतर वास्तुशांतीला प्रेझेंट म्हणून आलेलं असलं काहीतरी बऱ्याच शोकेसमध्ये असतं. देणाऱ्याची आठवण असते म्हणून टाकवत नाही, आणि नव्या घरात मांडायलाही नको वाटतं. त्यांचा जुनाटपणा बहुतेक वेळा रंगात असतो: गुलाबी गाल, आकाशी झगा, कडेला सोनेरी रेघ, तळाला चमकी चिकटवलेलं गवत. हे सगळं एकाच सपाट रंगाखाली गेलं की झग्याच्या चुण्या आणि हाताची वळणं दिसायला लागतात. या कामासाठी बाजारात स्प्रे कॅन, ॲक्रिलिकच्या बाटल्या आणि चॉक पेंट (खडूसारखा मॅट दिसणारा जाड रंग) असे तीन पर्याय सहज मिळतात. आमचं मत मॅट स्प्रेच्या बाजूने आहे, पण त्याखाली प्रायमर, म्हणजे रंग धरून राहावा म्हणून आधी मारायचा थर, हवाच. काटकसर करायचीच असेल तर रंगात करा, प्रायमरमध्ये नको.

आधी वस्तू उलटी करून तळ बघा. जर्मनीच्या ‘हुमेल’ बाहुल्या १९३५ पासून निघू लागल्या, स्पेनच्या ‘यादरो’चं पोर्सिलीनही संग्राहक शोधत असतात. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल तर ती वस्तू १९४५ ते १९५२ मधली. यातलं काही हाती लागलं तर रंगाचा विचार सोडा. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि बंगालमधल्या कृष्णनगरच्या मातीच्या बाहुल्या यांनाही हात लावू नये. त्यांचं मोल हाताने केलेल्या त्या रंगकामातच आहे. उरतो तो साच्यातून निघालेला, गिफ्ट शॉपमधला बिननावाचा माल. तो बिनधास्त रंगवा. घरातल्या बाहुलीवर पहिला प्रयोग करायची भीती वाटत असेल, तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अशा वस्तूंचे ढीग लागलेले असतात.

मग वस्तू कशाची आहे ते ओळखा, कारण तयारी त्यावर ठरते. चिनी मातीवरची झिलई काचेसारखी असते, तिच्यावर रंगाला धरायला काहीच मिळत नाही. भांड्याच्या साबणाने धुऊन ३२० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरने) ओलं घासा. झिलई काढायची नाही, फक्त तिची चमक मारायची. बोटांच्या बेचक्यात आणि केसांच्या वळणांत पेपर जात नाही. तिथे पेपरची बारीक पट्टी दुमडून फिरवावी लागते. पोकळ बाहुलीच्या तळाला बहुधा एक भोक असतं. धुताना त्यातून आत पाणी शिरतं आणि बाहेरून वस्तू कोरडी दिसली तरी आत राहतं. नंतर तेच पाणी झिरपून प्रायमरखाली फोड आणतं. म्हणून धुतल्यावर भोक खाली करून निदान दोन दिवस निथळू द्या.

रेझिनची, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाची, वस्तू हाताला चिनी मातीइतकी थंड लागत नाही आणि नखाने टिचकी मारली की बद्द आवाज येतो. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट पदार्थ कधीकधी तिच्या अंगावर राहिलेला असतो. जुना टूथब्रश आणि साबण घेऊन तो काढा, वर ४०० नंबरचा पेपर हलक्या हाताने. प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र धुवायचं नाही. रंग उडाला असेल तिथे नख ओढलं की पांढरी भुकटी निघते, ही त्याची खूण. ते रंग पिऊन टाकतं, आणि जिथे जास्त पितं तिथे डाग उठतात. कोरड्या ब्रशने धूळ झटकून थोडं पाणी घातलेल्या जेसोचा (चित्रकार कॅनव्हासला लावतात त्या पांढऱ्या अस्तराचा) एक हात मारा, तो पूर्ण वाळला की पुढे जा.

एक सावधगिरी. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा आपल्याकडचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या वस्तूवरच्या रंगात काय असेल याची खात्री नाही. म्हणून घासणं नेहमी ओलंच, मास्क लावून, आणि लहान मुलांपासून लांब. तुटलेलं बोट किंवा कोकराचा कान असेल तर फेविक्रिल मोल्डइट या दोन भागांत मिळणाऱ्या, वाळून कडक होणाऱ्या लगद्याच्या दोन्ही भागांचे सारखे गोळे मळून तो बनवता येतो. दुसऱ्या दिवशी कडक झाला की घासून सांधा सपाट करा. सांधा राहिला तर मॅट रंगाखालीही दिसतो. फेविक्विक वापरलं तर आजूबाजूला पांढरट वाफेचा डाग धरतो, म्हणून ते रंगानंतर नको, आधीच.

आता मुख्य माल. ४०० मिलीचा कॅन हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन साधारण २५० ते ४०० रुपयांना मिळतो. एशियन पेंट्स, कॉसमॉस, ॲब्रो ही नावं सगळीकडे दिसतात. वीतभर उंचीच्या बाहुलीला रंग कमीच लागतो, पण निम्म्याहून जास्त फवारा हवेत जातो. तरी एका कॅनमध्ये सहा-सात बाहुल्या आरामात होतात. एकच रंगवायची असेल तर २०० मिलीचा छोटा कॅन बघा.

स्प्रेचा खरा फायदा म्हणजे ब्रशच्या रेघा उमटत नाहीत आणि चेहऱ्याची ठेवण टिकते. खरा तोटाही चेहऱ्यावरच: जवळून, घाईने मारलं की डोळ्यांच्या आणि ओठांच्या खाचा रंगाने भरतात, आणि बाहुलीचं तोंड साबणाच्या झिजलेल्या वडीसारखं दिसतं. कॅन आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं हलवा. अंतर २५ ते ३० सेंटीमीटर ठेवा. बटण वस्तूच्या बाहेर दाबायचं, हात वस्तूवरून सरकवत न्यायचा आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं. पहिला हात इतका विरळ हवा की खालचा गुलाबी दिसत राहिला पाहिजे. ते बघून हात शिवशिवतो, पण आवरा. चारही बाजूंनी एकेक विरळ हात, मध्ये १० ते १५ मिनिटं. मग वस्तू वाळली की आडवी करून हनुवटीखाली, छत्रीच्या आत आणि झग्याच्या घेराखाली. या जागा राहून जातात आणि शोकेसमध्ये मांडल्यावर नेमक्या डोळ्यांत भरतात. बाहुली उलट्या वाटीवर दुहेरी टेपने चिकटवली की हात न लावता फिरवता येते. मोठं खोकं आडवं ठेवलं की फवारा भिंतीवर जात नाही. हे सगळं गच्चीत किंवा खिडक्या उघड्या असलेल्या गॅलरीत करायचं; गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती जवळपास नको.

बिघडतं ते बहुतेक तीन कारणांनी. ओघळ आला तर ओला असताना पुसू नका. दुसऱ्या दिवशी ४०० च्या पेपरने घासून परत एक हात द्या. पृष्ठभाग रवाळ लागला तर अंतर जास्त झालंय किंवा वारं होतं: रंग हवेतच सुकून भुकटीसारखा बसतो. आणि रंग सुरकुतला तर बहुधा एनॅमलवर (सावकाश वाळणाऱ्या ऑइल पेंटवर) लॅकर (झटपट वाळणारा रंग) पडलेलं असतं, कारण लॅकरमधलं तीव्र थिनर खालचा थर उचकटतं. प्रायमर आणि रंग एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घेण्याचं कारण हेच. एनॅमल असेल तर डब्यावर दिलेली वेळ पाळा. सहसा दुसरा हात तासाभरात द्यायचा, नाहीतर एक-दोन दिवस थांबून. मधल्या वेळात दिला तर तिथेही सुरकुत्या पडतात.

पावसाळ्यात हे काम काढू नका, विशेषतः मुंबई-कोकणात. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि काळ्या-निळ्या रंगावर दुधाळ झाक येते. मॅट वॉर्निशचा तर यात हमखास घोटाळा होतो. ऑक्टोबर ते मे, सकाळी दहानंतर, हा चांगला काळ. मेमधलं भर दुपारचं ऊन मात्र टाळा.

ॲक्रिलिकचं काय? फेविक्रिल किंवा कॅमलच्या १५ मिलीच्या बाटल्या स्वस्त, वासाचा त्रास नाही, आणि मुलांना घेऊन करता येतं. प्लास्टरवर आणि जेसो लावलेल्या रेझिनवर त्या छान बसतात. पण थेट झिलईवर लावल्या तर नखाने पापुद्रा निघतो, आणि मोठ्या भागावर रेघा दिसतात. आम्ही त्या फक्त तळाची चौकट किंवा एखादी पट्टी रंगवायला वापरू. चॉक पेंट झिलईवरही बऱ्यापैकी धरतो, पण जाड असल्याने बारीक नक्षी बुजते, आणि वर मेण किंवा वॉर्निश लावलं नाही तर बोटांचे डाग धरतो. फुलदाणीला ठीक, चेहऱ्याला नाही.

रंग निवडताना मॅट पांढरा सर्वात सोपा वाटतो, पण मूळ रंग झाकायला त्याचेच हात सर्वात जास्त लागतात. खाली पांढरा किंवा करडा प्रायमर हवा. काळा एका हातात झाकतो, पण त्यावर धूळ दिसते. आमची पसंती विटकरीला, किंवा हळदीच्या भडक पिवळ्याला: मेंढपाळीण डोक्यापासून पायापर्यंत पिवळी, कोकरासकट. थट्टा कळते आणि वस्तू देखणीही दिसते. अर्धी बाहुली मूळ रंगात ठेवून कमरेखाली एकच रंग द्यायचा असेल तर मास्किंग टेपची कड नखाने दाबून बसवा, वरचा भाग प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, आणि रंग पूर्ण कडक व्हायच्या आत टेप तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर कड फाटते.

सोनेरी कॅन बघून मोह होतो, तो आवरा. चकचकीत सोनेरीखाली चकचकीत काळा नसेल तर तो पितळेच्या पावडरीसारखा दिसतो, आणि वर वॉर्निश मारलं की उरलेली चमकही जाते. त्याच पैशांत प्रायमरचा दुसरा कॅन येईल. काम संपल्यावर कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दोन-तीन सेकंद दाबा, म्हणजे नळी तुंबत नाही. तरी तुंबलीच तर बटण काढून थिनरमध्ये बुडवून ठेवा. भोकात टाचणी घालू नका, फवारा वाकडा होतो.