लिनक्स कर्नलमधली अनपिनची फंक्शनं: पेज सोडायला कोण किती कामाचं?

पिन_युजर_पेजेस (युजरच्या मेमरीची पेजेस, म्हणजे साधारण ४ केबीचे तुकडे, जागच्या जागी धरून ठेवणारं कर्नलचं फंक्शन) बद्दल सगळेच बोलतात, युजरची मेमरी धरून ठेवली की डिव्हाइसला खुशाल डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) करू द्या, पेज जागचं हलणार नाही वगैरे. धरलेलं सोडायचं कसं आणि त्याला वेळ किती लागतो याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही, मग प्रोसेस बंद करताना सगळं दोन-चार सेकंद थिजलं की शोधाशोध सुरू. म्हणून हा रिव्ह्यू फक्त सोडणाऱ्या बाजूचा. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना जास्त उपयोगाचा आहे, बाकीच्यांनी सावकाश वाचा.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ही फंक्शनं अशी का आहेत ते कळत नाही. पूर्वी गेट_युजर_पेजेस ने पेज घ्यायचं आणि पुट_पेज ने सोडायचं एवढंच होतं, त्यामुळे कर्नलला कळायचंच नाही की हा रेफरन्स कोणीतरी सहज घेतलाय की डीएमएसाठी धरून बसलाय. जॉन हबर्ड यांनी २०१९ मध्ये कर्नल ५.२ ला पुट_युजर_पेज आणलं, मग २०२० मध्ये ५.६ ला पिन_युजर_पेजेस आलं आणि सोडणाऱ्या फंक्शनांची नावं बदलून अनपिन_युजर_पेज अशी झाली. साध्या पेजसाठी युक्ती अशी की एका पिनला रेफकाउंटमध्ये (पेज किती जणांनी धरलंय तो आकडा) १ नाही, १०२४ वाढतात. म्हणजे काउंट १०२४ च्या वर दिसला की पेज बहुतेक पिन आहे असं धरायचं. 'बहुतेक' म्हणतोय कारण साधे रेफरन्सच हजारभर झाले तरी तसंच दिसतं, आणि तपासणाऱ्या फंक्शनच्या नावातच 'मेबी' आहे, इतका प्रामाणिकपणा मला आवडला.

यातूनच पहिला खड्डा. पिन करून घेतलेलं पेज जुन्या सवयीने पुट_पेज ने सोडलंत तर १०२४ पैकी १ वजा होणार आणि १०२३ तसेच लटकून राहणार, ते पेज मग कधीच मोकळं होत नाही. कंपाइलर एका शब्दाने बोलत नाही, चालवतानाही लगेच काही दिसत नाही, मेमरी हळूहळू गळत राहते. जुना ड्रायव्हर नव्या पद्धतीवर आणताना एरर पाथमधले (काही फसलं की चालणारा कोड) पुट_पेज आधी शोधा, मेन पाथ सगळे बदलतात पण एरर पाथ राहतो.

आता मुद्द्याचं, वेग. एकेक पेजसाठी अनपिन_युजर_पेज लूपमध्ये फिरवणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. १ जीबी बफर म्हणजे ४ केबीची २,६२,१४४ पेजेस, प्रत्येकाला किमान एक अ‍ॅटॉमिक वजाबाकी (मध्ये दुसऱ्या कोअरला घुसू न देता केलेली), वर काउंटर अपडेट. बफर ह्यूज पेजचा असेल तर अजूनच वाईट, कारण २ एमबीच्या एका ह्यूज पेजमधली ५१२ च्या ५१२ पेजेस एकाच फोलिओच्या (एक किंवा अनेक सलग पेजेस मिळून कर्नल जो एकच गट धरतं तो) काउंटवर येऊन आदळतात आणि बरेच कोअर एकदम सोडत असतील तर ती एक कॅशलाइन (प्रोसेसरच्या कॅशमधला मेमरीचा छोटा तुकडा) सगळ्यांमध्ये नुसती ओढली जाते. पर्फ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावून बघा, वरच्या ओळींमध्ये अनपिनच दिसेल, हार्डवेअरचा काही दोष नसतो.

अनपिन_युजर_पेजेस (अनेकवचनी, हे 'स' प्रकरण नीट बघा) बरंच शहाणं आहे. अ‍ॅरेमध्ये पुढची किती पेजेस त्याच फोलिओची आहेत ते मोजतं आणि तेवढ्या सगळ्यांचा काउंट एका फटक्यात वजा करतं. मोठ्या फोलिओला पिनचा काउंटर वेगळा असतो, तिथे १०२४ चा खेळ नाही, त्यामुळे पिनकाउंटमधून एकदा आणि रेफकाउंटमधून एकदा एवढ्यावर भागतं. ५१२ वेळा करायचं काम एकदाच. पण अ‍ॅरे मात्र पूर्ण वाचावा लागतो, कारण पुढचा पॉइंटर त्याच फोलिओचा आहे का हे बघितल्याशिवाय त्याला कळणार कसं? १ जीबीला पॉइंटरांचा अ‍ॅरेच २ एमबीचा होतो, तो आधी तयार करा, जपून ठेवा आणि शेवटी परत चाळा.

माझं आवडतं म्हणजे नाव सगळ्यात लांबलचक असलेलं, अनपिन_युजर_पेज_रेंज_डर्टी_लॉक. २०२१ मध्ये ५.१३ ला जोआओ मार्टिन्स यांनी आणलं, आरडीएमएसाठी (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनच्या मेमरीत थेट वाचणं-लिहिणं). याला अ‍ॅरे नको, पहिलं पेज द्या आणि सलग किती आहेत तो आकडा द्या. फोलिओ किती मोठा आहे ते फोलिओलाच विचारतं आणि थेट त्याच्या शेवटापर्यंत उडी मारतं, मधली ५११ पेजेस बघतच नाही. आरडीएमएच्या मेमरी रिजनमध्ये स्कॅटरलिस्ट (मेमरीच्या तुकड्यांची यादी) आधीच सलग तुकड्यांची असते, त्यामुळे तिथे हे अगदी चपखल बसतं. मोठी मेमरी दिलेल्या व्हर्च्युअल मशीनला डिव्हाइस पासथ्रू करता तेव्हा व्हीएफआयओ (डिव्हाइस थेट व्हर्च्युअल मशीनच्या हाती देणारी कर्नलची यंत्रणा) बाजूलाही हाच प्रश्न येतो, मशीन बंद करताना सगळी गेस्ट मेमरी सोडायची असते.

आता तक्रार, आणि एक स्टार इथेच कापलाय. डिव्हाइसने मेमरीत लिहिलं असेल तर पेज डर्टी (म्हणजे बदललेलं) मार्क करणं तुमची जबाबदारी, तेही पिन काढायच्या आधी, उलट केलंत तर मधल्या फटीत डेटा जाऊ शकतो. डर्टी_लॉक वाली फंक्शनं हा क्रम बरोबर पाळतात, फोलिओ आधीच डर्टी असेल तर लॉकच्या भानगडीत पडत नाहीत, नसेल तर लॉक घेऊन मार्क करतात. पण फोलिओ लॉक म्हणजे झोपावं (लॉक मिळेपर्यंत थांबून राहावं) लागू शकतं, म्हणून इंटरप्टमधून (हार्डवेअरच्या हाकेला लगेच उत्तर देणारा कोड, तिथे झोपता येत नाही) बोलवायची सोय नाही. ब्लॉक लेयरने यावर मस्त वाट काढलीय, डायरेक्ट आयओच्या (कर्नलची कॅश टाळून थेट युजरच्या मेमरीत) रीडला पेजेस आधीच डर्टी करून ठेवायची, पूर्ण झाल्यावर बघायचं, मधल्या काळात कोणी क्लीन केलं असेल तरच वर्कक्यूवर (नंतर, झोपता येईल तिथे करायच्या कामांची रांग) टाकायचं. वाट चांगली आहे पण ती प्रत्येक ड्रायव्हरने स्वतः शोधायची, तयार काही मिळत नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर म्हणाल रेंजवालं घेतलं तरी फरक शून्य. बफर सुट्या ४ केबी पेजेसचा असेल तर प्रत्येक पेज हाच एक फोलिओ, गोळा करायला काही नाही, अ‍ॅटॉमिक तेवढेच लागणार. आधी ह्यूज पेज मिळवा, मग अनपिनकडून अपेक्षा ठेवा.

एक बारीक पण कौतुकाची गोष्ट. पिन करणारं फंक्शन फसलं की ऋण एरर देतं आणि लोक तोच आकडा न बघता अनपिनला देतात. आकडा अनसाइन्ड असल्यामुळे तो अवाढव्य होतो आणि लूप अ‍ॅरेच्या बाहेर कुठच्या कुठे गेला असता. अनपिन_युजर_पेजेस च्या आत तपासणी आहे, वॉर्निंग छापून गुपचूप परत येतं. मागितली त्यापेक्षा कमी पेजेस पिन झाली तर मात्र तुम्हालाच सांभाळायचंय, जेवढी मिळाली तेवढीच सोडा.

उशिरा सोडण्याची किंमतही धरा. पिन असलेलं पेज हलवता येत नाही, म्हणजे कॉम्पॅक्शन (विखुरलेली मोकळी मेमरी एकत्र आणणं) अडतं, आणि फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं) करताना अशी अ‍ॅनॉनिमस पेजेस (कुठल्या फाइलशी न जोडलेली) नंतरवर न टाकता तिथल्या तिथे कॉपी करावी लागतात. तेव्हा डीएमए अनमॅप झालं की लगेच सोडा, 'क्लोज होईल तेव्हा बघू' नको.

गळती तपासायला प्रॉक व्हीएमस्टॅट (कर्नलच्या मेमरीचे आकडे दाखवणारी फाइल) मध्ये एनआर_फॉल_पिन_अ‍ॅक्वायर्ड आणि एनआर_फॉल_पिन_रिलीज्ड असे दोन आकडे आहेत. तुमचा ड्रायव्हर शांत असताना, पिन धरून बसलेलं दुसरं कोणी नसेल तर, दोन्ही जुळले पाहिजेत. टेस्टच्या आधी आणि नंतर दोन्ही आकडे लिहून ठेवा, फरक वाढत असेल तर कुठला तरी पाथ सोडायचा राहिलाय, आणि तो बहुतेक वर सांगितलेला एरर पाथच निघतो.