सशासाठी फोल्डिंग प्लेपेन, वर्षभर वापरून

म्हापशाच्या एका पेट शॉपमधून आठ पॅनेलचं प्लेपेन, म्हणजे तारेच्या जाळीचं घडीचं कुंपण, घेतलं त्याला वर्ष होत आलं, म्हणून लिहितेय. घेताना शोधलं तर सगळी माहिती कुत्र्यांचीच, सशाचं कुणीच धड सांगेना.

आमची कापशी आली तेव्हा एवढी भित्री की पंखा लावला तरी मागचे पाय आपटायची. पिंजरा वरून उघडणारा, म्हणजे दर वेळी हात वरूनच आत जाणार, आणि सशाला वरून येणारं काहीही म्हणजे घारच, त्यात वर तिला उचलायचं, मग कसा विश्वास बसणार तिचा. दिवाळीच्या आदल्या रात्री, नरकासुराच्या रात्री, वाड्यावर डीजे पहाटेपर्यंत चालला, ती कोपऱ्याला चिकटून बसली, सकाळी गवताला तोंड लावेना, लेंड्यापण बंद. ससा अर्धा दिवस खात नसेल तर अजिबात थांबायचं नाही, आतडी बंद पडतात. लगेच डॉक्टरकडे नेली म्हणून वाचली. त्याच आठवड्यात पिंजरा काढून टाकला.

प्लेपेनचं दार बाजूला आहे, जमिनीलगत, ती आपणहून ये-जा करते, आणि मुख्य म्हणजे आत मी मावते. रोज संध्याकाळी अर्धा तास आत खाली बसायचे, तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. नवव्या दिवशी पायाच्या अंगठ्याला ओलसर नाक लागलं, मी श्वास रोखून तशीच बसले. मग तळहातावर कोथिंबिरीची काडी, मग कधीतरी कपाळावर एक बोट, तेपण बाजूने, कारण नाकाच्या अगदी पुढचं सशाला दिसत नाही. आता मांडीला टेकून आडवी पसरते आणि बारीक दात कुरकुरवते, म्हणजे मजेत आहे. ह्या चतुर्थीला फटाके वाजले तेव्हा पळत माझ्याकडेच आली!

तक्रारी आहेत. खाली तळ नाही, सशाच्या तळव्याला गादी नसते, नुसते केस, टाईल्सवर पाय सटकतात आणि तो अजून घाबरतो, तर जुनी सतरंजी अंथराच. कडी लावताना खण्णकन वाजते, मी कापडाची पट्टी गुंडाळली. पावसाळ्यात खालच्या तारेला गंज धरला, आपल्याकडच्या दमट हवेत कोटिंग जाड हवं होतं. आणि २४ इंचाचं घेऊ नका, उडी मारून बाहेर येतो, मी ३० चं घेतलंय.

२३०० रुपये पडले. आता बाल्कनीसाठी अजून एक घेतेय.