पुरात भिजलेलं सागवान : लाखेचं पॉलिश की मेलामाइन?

पुराच्या पाण्यातून जुनं फर्निचर वाचवताना सुरुवातीची कामं सगळ्यांची सारखीच असतात. चिखल ओला आहे तोवर स्वच्छ पाण्याने धुवायचा, फुगलेले खण ओढाताण न करता सुटतील तेव्हाच काढायचे, उन्हात न ठेवता सावलीत वारा लागेल असं वाळवायचं आणि सरस सुटलेले सांधे सुताराकडून बसवून घ्यायचे. खरा प्रश्न पडतो तो त्यानंतर, पॉलिशवाला दारात उभा राहून "लाख करायची की मेलामाइन?" असं विचारतो तेव्हा. लाख म्हणजे लाखेचे दाणे स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने लावायचं जुनं पॉलिश, आणि मेलामाइन म्हणजे लाकडावर पक्का थर धरणारं रासायनिक पॉलिश. पीयू (पॉलियुरेथेन) वेगळं आणि महाग असलं, तरी या प्रश्नापुरतं ते मेलामाइनच्याच बाजूला बसतं.

आमच्या घरात दोन्ही आहेत. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आणि त्याच लाकडाचं जेवणाचं मेज दोन्ही भिजलं. कपाटाला लाख करून घेतली. मेजाला रोजचा वापर बघून मेलामाइन. त्यामुळे एकाच पाण्यात भिजलेल्या लाकडावर दोन्ही पॉलिशं कशी वागतात ते बघायला मिळालं. माझा अनुभव दोनच वस्तूंचा आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी एक समज बाजूला करू. "लाखेखाली लाकूड श्वास घेतं, थोडं ओलं असलं तरी चालतं," असं बरेच पॉलिशवाले सांगतात. ते ऐकू नये. लाख सांडलेल्या पाण्यापुढे हळवी असते, पण हवेतली वाफ अडवण्यात ती चांगलीच घट्ट आहे. ओल आत राहिली तर दोन्ही पॉलिशं दगा देतात. आम्ही कपाटाच्या फळीला पडलेल्या भेगेच्या टोकाशी आणि तिच्या दोन्ही कडांना पेन्सिलने बारीक खुणा केल्या होत्या. भेग त्या खुणांपासून हलायची थांबली आणि खालचा अडकलेला खण एका हाताने सरकायला लागला, तेव्हाच पॉलिशवाल्याला बोलावलं. तोवर दिवाळी होऊन थंडी पडली होती, आणि तेच बरं झालं, कारण दमट हवेत लाखेवर धुरकट झाक येते. खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर तेही पॉलिशआधीच ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उतरवून घ्यावेत (हातमोजे घालून, ते विषारी असतं). नंतर धुऊन लाकूड पुन्हा वाळू द्यावं लागतं.

मेलामाइनच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. गरम पातेलं, आमटीचे ओघळ, ओला फडका हे सगळं ते सोसतं. काम झटपट होतं. लाखेचं तसं नाही. बोळा फिरवत एकावर एक हात द्यायचे, मध्ये वाळू द्यायचं, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा बोळा. मजुरीही त्याच प्रमाणात जाते. शिवाय ओला पेला रात्रभर राहिला की सकाळी पांढरं कडं दिसणारच.

तरीही माझा कौल फिरला तो मेजाच्या एका टवक्यामुळे. खुर्चीची पाठ आपटून मेजाची कड जराशी टवकली. रोज मेज पुसताना त्या टवक्यातून पाणी थराखाली जायला लागलं आणि नखाएवढा पांढुरका डाग पडला. पुढच्या पावसाळ्यात तो तळहाताएवढा झाला. बोट फिरवलं की थर सुटलेली जागा लागते, आणि नख घातलं तर पापुद्रा निघतो. पॉलिशवाल्याने तेवढ्याच भागावर नवा हात दिला, पण ठिगळाची कड तिरप्या उजेडात स्पष्ट दिसते. त्यात त्याचा दोष नाही. मेलामाइन एकदा पक्कं झालं की पुन्हा विरघळत नाही, त्यामुळे नवा थर जुन्यात मिसळत नाही, वर नुसता बसतो. आता उपाय एकच : अख्खी फळी खरवडायची.

आणि जुन्या लाकडाच्या बाबतीत मला नको असतं ते नेमकं हेच. त्या फळीवर तळहात सावकाश फिरवला तर हातरंध्याच्या बारीक लहरी लागतात. वर्षानुवर्षांच्या उजेडाने आणि वापराने चढलेला रंग लाकडाच्या अगदी वरच्या पदरात असतो. खरवडताना हे दोन्ही जातं आणि पुन्हा आणता येत नाही. वेनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर विचारूच नका. तिथे खरवडायला जाडीच नसते.

कपाटावरही ओरखडे पडतात. दारावर किल्ल्यांचा जुडगा घासून पडलेली रेघ बहिणीने घरीच घालवली : सुती कापडात कापूस गुंडाळून केलेला बोळा, त्यावर पातळ लाख, आणि बोळा चिकटू नये म्हणून बेलतेलाचा (उकळलेल्या जवसाच्या तेलाचा) थेंब. स्पिरिटने जुना थर मऊ होतो आणि नवी लाख त्यातच मुरते. जोड शोधूनही सापडत नाही. पांढरं कडंही बऱ्याचदा स्पिरिटचा जेमतेम ओलावा असलेला बोळा हलकेच फिरवला की जातं.

आमच्या गावाने 2005 चा आणि 2021 चा, दोन्ही पूर पाहिले आहेत. पुन्हा पाणी आलंच तर लाख स्पिरिटने उतरते, लाकडाला पत्री (खरवडायची पोलादी पट्टी) लावावी लागत नाही. घरात लहान मुलं असतील, मेजावर दिवसभर राबता असेल, किंवा वस्तू नव्या लाकडाची असेल तर मेलामाइन घ्यायला माझी हरकत नाही. पण आजोबा-पणजोबांच्या वेळची वस्तू असेल, तर मी लाखच सुचवेन. आमच्या मेजाची फळी एकदा खरवडावीच लागणार आहे, त्यानंतर तिलाही लाखच होईल.

पॉलिशवाला ठरवताना लाखदाणा तुमच्यासमोर स्पिरिटमध्ये भिजवायला सांगा. बरेच महिने बाटलीत पडून राहिलेली लाख नीट वाळत नाही, चिकट राहते.