लिनक्सवर केव्हीएम: काही महिने रोज वापरल्यावर

माझं काम बॅकएंडचं. लॅपटॉपवर उबुंटू, १६ जीबी रॅम. चाचणीसाठी डेबियनची (हेही एक लिनक्स) दोन व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणारे आभासी संगणक, आणि विंडोजचं एक, एवढं रोज लागतंच. ती चालवायला आधी व्हर्च्युअलबॉक्स वापरत होते. आता केव्हीएम, म्हणजे लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीन्सची सोय, आणि ती हाताळायला वर व्हर्ट-मॅनेजर. परत जायचा विचार नाही.

मुख्य कारण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. केव्हीएम २००७ पासून, म्हणजे २.६.२० पासून, लिनक्स कर्नलमध्येच आहे. व्हर्च्युअलबॉक्स किंवा त्याच कामाच्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनची मोड्यूल्स (कर्नलला जोडायचे भाग) बाहेरून येतात, नवा कर्नल आला की पुन्हा बांधावी लागतात. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर त्यांच्या सहीचं काम वेगळंच. ज्याला सोमवारी सकाळी उठून थेट कामाला लागायचंय, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे क्यूकाऊ२ डिस्क, म्हणजे मशीनची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये. डेबियनची एक बेस इमेज नीट तयार करून ठेवायची आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी तिच्यावर आधारलेली वेगळी फाइल काढायची. या फाइलमध्ये फक्त बदल साठतात, त्यामुळे नवं मशीन काही सेकंदांत उभं राहतं आणि डिस्कही वाचते. मात्र त्यानंतर बेस इमेजला हात लावायचा नाही. ती बदलली की तिच्यावरच्या सगळ्या फाइली बिघडतात. मी तिच्यावरची लिहिण्याची परवानगीच काढून टाकली आहे.

कोड कुठे ठेवायचा हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. व्हर्टिओएफएस या फोल्डर शेअर करायच्या सोयीने होस्टचं (मूळ लॅपटॉपचं) फोल्डर गेस्टमध्ये (आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये) छान दिसतं, वेगही चांगला मिळतो. पण होस्टवर फाइल सेव्ह केल्याची सूचना गेस्टमधल्या आयनोटिफायला (फाइल बदलली की प्रोग्रामला कळवणाऱ्या सोयीला) मिळत नाही. सर्व्हर आपोआप रीलोड होत नाही आणि आपण उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरचंही हेच. म्हणून कोड सरळ गेस्टमध्येच ठेवा आणि एडिटर एसएसएचने (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणीने) जोडा.

विंडोज बसवताना डिस्क व्हर्टिओ प्रकारची (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेली) असेल तर व्हर्टिओ ड्रायव्हरची आयएसओ फाइल आधीच जोडा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ग्राफिक्स ही इथली कमजोर बाजू. विंडोजमध्ये थ्रीडी लागणारं काम असेल तर व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो बघा; नोव्हेंबर २०२४ पासून ते व्यावसायिक वापरासाठीही मोफत आहे. ऑफिसात व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल तर एक्स्टेन्शन पॅकचा (जादा सोयींच्या जोडणीचा) परवाना जरूर वाचा. मूळ प्रोग्राम मुक्त आहे, पण पॅक फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे.

होस्टच विंडोज असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल२ विंडोजच्या होम आवृत्तीवरही चालतं, मायक्रोसॉफ्टच्याच व्हर्च्युअल मशीन्सच्या हायपर-व्हीला मात्र प्रो लागतं. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर एआरएमचाच (त्या मॅकच्याच प्रोसेसर प्रकारचा) गेस्ट घ्या. एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरचा प्रकार) तिथे फक्त एम्युलेशनने, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करून, चालतं आणि फार संथ.

केव्हीएममध्ये मला अजून खटकतं ते वायफाय. वायफायवर साधा ब्रिज (मशीनला थेट घरच्या नेटवर्कवर आणणारी जोडणी) होत नाही, त्यामुळे मशीनमधली साइट फोनवर उघडून बघायची तर पोर्ट फॉरवर्ड करावा लागतो (लॅपटॉपवर आलेली जोडणी मशीनकडे वळवावी लागते) किंवा केबल लावावी लागते. मी टेबलावर केबलच ओढून घेतली आहे.