‘ओरिजिनल जुना स्टॉक’ म्हणून मोपेडची वायर : एमजीच्या केबलमध्ये झालेली फसवणूक

जुनी एमजी, हेराल्ड, फियाट, जावा, येझदी, लॅम्ब्रेटा यापैकी काहीही घरात असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. पार्ट मिळत नाही म्हणून आपण हैराण असतो, आणि नेमकी तीच वेळ साधणारी माणसं बाजारात आहेत. माझे साडेचौदा हजार गेले. पण पैशापेक्षा मला राग आलाय तो त्या माणसाने काय पाठवलं याचा. अ‍ॅक्सिलरेटरची केबल गडबडली तर माणूस मरतो, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

गाडी १९६८ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची इंग्लिश स्पोर्ट्स कार, दोन सीटची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची. माझ्या काकांची. त्यांच्यानंतर ती कोल्हापुरात माझ्याकडे आली. इंजिन उत्तम, जोड कार्बोरेटर उद्यमनगरात साफ करून घेतलेले. फक्त केबली संपल्या होत्या. अ‍ॅक्सिलरेटरची आतली वायर तंतू-तंतू सुटलेली, चोक ओढला की परत जात नव्हता, आणि हँडब्रेक ओढून पन्हाळ्याच्या चढावर गाडी उभी करायची हिंमत होत नव्हती. लक्ष्मीपुरी, शाहूपुरीतल्या स्पेअरच्या दुकानांत विचारलं, पुण्यात विचारलं, मुंबईतल्या ओळखीच्यांना सांगून ठेवलं. सगळीकडून एकच उत्तर: या गाडीचं काही ठेवत नाही.

अशात एका ओळखीच्यांकडून एक नंबर मिळाला. माणूस बोलायला गोड. ‘दादा’ शिवाय वाक्य नाही. म्हणाला, मुंबईतल्या एका बंद पडलेल्या डीलरचं गोदाम त्याने उचललंय, त्यात एमजीच्या केबलींचा पूर्ण सेट आहे, १९६६ चा, पेटीबंद. फोटो पाठवला. हिरव्या कापडावर तीन केबली, शेजारी इंचाची पट्टी, मागे पिवळट पडलेला खोका. आणि वर हे वाक्य: “दादा, जगात कुठंच मिळणार नाही आता. सातारचा एक पार्टीवाला मागतोय, पण तुमची गाडी काकांची आहे म्हणून तुम्हाला देतो.” काकांचा उल्लेख माझ्याच बोलण्यात आला होता. त्याने तो लगेच कामाला लावला.

आधी निम्मे पैसे, मग ‘पार्सल तयार आहे’ म्हणून उरलेले. खोका आला तोही फोटोतल्यासारखाच. मी तो थेट उद्यमनगरात आमच्या मिस्त्रींकडे नेला. हे मिस्त्री जुन्या इंग्लिश गाड्यांवर हात बसलेले, वय सत्तरीच्या पुढे, चष्मा कपाळावर. त्यांनी खोका उघडला, केबल बोटांत फिरवली आणि काही न बोलता ती व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, धरली. पक्कडीने निप्पल, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा गठ्ठा, ओढलं. ते सुटून त्यांच्या हातात आलं.

“बघा की साहेब,” म्हणाले, “वायर सरळ आत खुपसलीया, वरनं झाळ मारलाय. ही काय गाडीची न्हाय. मोपेडची हाय.”

मग त्यांनी जे दाखवलं ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने समजून घ्यावं असं आहे. केबलच्या टोकाचं निप्पल नीट बसवायचं असेल तर वायरचं टोक आधी निप्पलमधून बाहेर काढून तंतू फुलवतात, झाडूच्या टोकासारखे. फुललेला भाग निप्पलच्या खोलगट तोंडात ओढून घेतात आणि मग वितळलेला झाळ (सोल्डर) आतपर्यंत भरतात. म्हणजे ओढ पडली की वायर निप्पलमध्ये अधिकच आवळते. माझ्या केबलीत वायर सरळ होती, झाळ फक्त बाहेरून लावलेला. दिसायला चकचकीत, पण पकड शून्य. दुसरी गोष्ट आउटरची, म्हणजे वायरवरच्या नळीची. चांगल्या आउटरमध्ये आतून गुळगुळीत अस्तर असतं आणि तोंडाला टोपी असते. माझ्या आउटरला अस्तर नव्हतं, करवतीने कापलेलं तोंड तसंच खरखरीत होतं. मिस्त्रींनी मला दाखवायचं म्हणून, गाडी जागेवर उभी ठेवून, दुसरं निप्पल लावून ती केबल जोडली. पाय दिला, सोडला, पुन्हा दिला. थोड्या वेळाने पाय उचलला तरी इंजिन गरजतच राहिलं. आउटरच्या तोंडावर वायरचा एक तंतू तुटून अडकला होता, आणि कार्बोरेटरच्या स्प्रिंगला तो ओढून सोडवता येत नव्हता. मिस्त्रींनी चावी बंद केली.

हे हायवेवर, कागलच्या दिशेने ट्रकच्या मागे असताना झालं असतं तर? असं कधी तुमच्यावर आलंच तर आधी क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, ब्रेक मारून कडेला घ्या आणि गाडी थांबल्यावर चावी बंद करा. इंजिन ओरडू दे, त्याची काळजी नंतर.

घरी येऊन मी खोका टेबलावर ठेवला आणि निवांत बघितला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे माल १९६६ चा. खोक्यावरच्या लेबलवर छापलं होतं ब्रिटिश लेलँड. ब्रिटिश लेलँड ही कंपनीच १९६८ मध्ये झाली, त्याआधी एमजी बीएमसीकडे, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनकडे होती. लेबल नव्या प्रिंटरवर काढून, चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखं पिवळं केलेलं. कडा नखाने खरवडल्या तर आत पांढराशुभ्र कागद.

बिलही तसंच. पत्ता मुंबईचा, पण जीएसटी नंबरची सुरुवात ०७ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा २७, ०७ म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला तर तो भलत्याच कापड दुकानाचा निघाला. हा नंबर कुणालाही फुकट तपासता येतो, मिनिटभराचं काम आहे. पैसे पाठवण्याआधी बिलाचा मसुदा मागा आणि हे करा. खरा दुकानदार रागावत नाही.

आता त्या ‘जगात कुठंच मिळणार नाही’बद्दल. ही थाप आहे. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघाली, पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. इंग्लंडमध्ये या गाडीचे बहुतेक सगळे पार्ट आजही नव्याने बनतात, केबलीसुद्धा. अडचण आहे ती कुरिअर आणि कस्टम ड्युटीची, आणि कोल्हापुरात दुकानाच्या फळीवर माल नसण्याची. तिथे माल बनतो आणि इथे मिळत नाही, यात जे अंतर आहे तिथेच हा माणूस उभा आहे.

आणि एक खूण, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याने मला गाडीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. एमजीबीचा हँडब्रेक केबल सगळ्या गाड्यांना एकच नसतो. जुन्या आणि नंतरच्या मागच्या अ‍ॅक्सलला वेगळा, आणि तारांच्या चाकांची गाडी असेल तर पत्र्याच्या चाकांपेक्षा वेगळा, कारण अ‍ॅक्सलची रुंदीच वेगळी असते. ज्याला माल ठाऊक आहे तो आधी चासी नंबर विचारतो, चाकं कुठली विचारतो, स्टिअरिंग कुठल्या बाजूला ते विचारतो. याने फक्त ‘पेमेंट कधी करताय दादा’ विचारलं.

मी फोन केल्यावर आधी म्हणाला की तुमच्या मिस्त्रीला जमत नाही. मग म्हणाला, चुकून रेसिंगचा सेट आला, बरोबरचा सेट कस्टममध्ये अडकलाय, सहा हजार टाका, सोडवून पाठवतो. मी नाही म्हटल्यावर नंबर बंद. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव होतं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करून तक्रार नोंदवली, सायबर पोलिसांकडे खोका, बिल, संभाषणाच्या प्रती, व्यवहाराचा क्रमांक सगळं दिलं. हा फोन फसवणूक कळल्या कळल्या करायचा असतो. पैसे पुढच्या खात्यात सरकले की अडवणं अवघड होतं. ज्यांना खऱ्या पत्त्याच्या दुकानदाराने खोटा माल दिलाय त्यांना जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. माझे पैसे अजून आलेले नाहीत.

गाडीचं काम मात्र झालं, इथेच. अ‍ॅक्सिलरेटर आणि चोकची केबल मिस्त्रींनी जुन्या नमुन्यावरून करून घेतली: अस्तराचं नवं आउटर, बारीक तंतूंची लवचिक वायर, फुलवून भरलेलं निप्पल. प्रत्येक केबल माझ्यासमोर व्हाइसमध्ये ओढून दाखवली. ज्या गावाने पिढ्यानपिढ्या इंजिनं ओतली आणि घडवली तिथे हे काम होतं, फक्त जुना नमुना फेकून द्यायचा नाही. तुटलेली केबल, गंजलेलं निप्पल, काहीही असू दे, पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. हँडब्रेकची केबल मी इंग्लंडहून चासी नंबर देऊन मागवली. ड्युटी भरली, पण ती बसली.

हे लिहिण्याचं तातडीचं कारण असं की इचलकरंजीच्या एका जावावाल्याला गेल्या आठवड्यात क्लच केबलसाठी फोटो आलाय. तेच हिरवं कापड, आणि तीच पट्टी, सात इंचाच्या खुणेपाशी कोपरा तुटलेली. गाडी वेगळी, केबल वेगळी, नंबर वेगळा. त्यांनी पैसे पाठवले नाहीत. तुम्हाला असा फोटो आला असेल तर तो पुसू नका, नंबर आणि खात्याचा तपशील जपून ठेवा आणि १९३० वर सांगा. आणि ज्यांच्याकडे असा पिवळा खोका आधीच येऊन पडलाय त्यांनी ती केबल गाडीला लावण्याआधी व्हाइसमध्ये धरून एकदा ओढून बघा.