नावीन्याची कार्यशाळा: शिकवणं झकास, पाठपुरावा नावालाच

आमच्या डिस्पॅच विभागासाठी कंपनीने बाहेरच्या एका संस्थेची कार्यशाळा ठेवली. रंगीत चिठ्ठ्या, टाळ्या, गटचर्चा वगैरे नेहमीचं होतंच. त्यावर शाई वाया घालवत नाही.

खरी कमाल केली ती ट्रेनरबाईंनी. सुरुवातीलाच त्यांनी साहेबांना बाहेर बसवलं आणि माणसांना कंठ फुटला! पॅकिंगमधला एक मुलगा (एरवी तोंडातून शब्द नाही) म्हणाला, "प्रिंटर एका टोकाला, टेप दुसऱ्या टोकाला. प्रत्येक खोक्यामागे टेबलाला फेरी." बाईंनी तिथल्या तिथे टेबलाचा नकाशा काढून घेतला आणि बदल ठरलासुद्धा.

उदाहरणंही नेमकी दिली. टोयोटात कामगारांकडून सूचना घेण्याची पद्धत १९५१ पासून आहे. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत १९६८ साली सापडलेल्या कमी चिकटणाऱ्या गोंदाच्या पोस्ट-इट चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला १९८० उजाडलं. म्हणजे वाट बघायची तयारी हवी.

संस्थेला मात्र ती नाही. त्यांच्या सूचना-अर्जात 'अपेक्षित बचत' हा रकाना सक्तीचा. पॅकिंगवाल्याने तो आकडा आणायचा कुठून? सूचना नाकारली तर कारण कळवायला जागाच नाही. मेल केला, तर उत्तरादाखल पुढच्या कोर्सची जाहिरात आली.

पाचपैकी तीन तारे, तेही बाईंमुळे. बोलवायचंच असेल तर पाठपुरावा करारात लिहून घ्या आणि अर्ज आपला आपण बनवा.